परतीच्या वाटेचे १० दिवस

अपडेट संपतं, कॉम्प्युटर दोन-तीनदा बंद-चालू होऊन नव्या रूपात उभा राहतो, आणि ‘धिस पीसी’ उघडून पाहावं तर सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झालेली. काल ३५ जीबी मोकळे होते, आज जेमतेम ९. आपण तर काही भरलेलं नाही. मग जागा गेली कुठे? बहुतेक वेळा ती विंडोज डॉट ओल्ड नावाच्या एका फोल्डरात गेलेली असते. दिसायला तो अडगळ वाटतो आणि हात लगेच डिलीटच्या बटणाकडे जातो.

त्यातलं काय काढायचं हे विंडोजला चांगलं कळतं. कधी काढायचं हे मात्र आपणच ठरवायला हवं, आणि कोकणात ते पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं ठरवावं लागतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट्स थांबली. तेव्हापासून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत, पतसंस्थांत, होम-स्टेच्या टेबलावर, आंबा बागायतदारांच्या हिशेबाच्या खोलीत ‘११ वर जायचं का’ हा विषय आहे. ज्यांच्या मशीनला ११ चालते ते जातात. या मशीनमध्ये बहुधा १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी असते, स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये तर ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच जोडलेली साठवण. एवढ्याशा जागेत जुनी आणि नवी अशा दोन विंडोज एकत्र नांदवायच्या म्हणजे ओढाताण होणारच.

नवी आवृत्ती बसवताना सेटअप जुना ‘विंडोज’ फोल्डर, ‘प्रोग्राम फाइल्स’ आणि त्यांच्या सोबतचा संसार बाजूला सरकवतो आणि विंडोज डॉट ओल्डमध्ये ठेवतो. साधारण १५ ते ३० जीबी. नव्या आवृत्तीत प्रिंटर चालेना, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने जाऊन ‘गो बॅक’ दाबता यावं यासाठी ही सोय. मुदत १० दिवस. २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपूर्वी ती ३० दिवसांची होती. मुदत संपली की विंडोज हा फोल्डर स्वतःहून काढून टाकते. म्हणजे काही केलं नाही तरी जागा परत मिळणारच आहे, आणि तरीही लोक दुसऱ्याच दिवशी तो पुसायला बसतात.

दर महिन्याच्या अपडेटने असा फोल्डर तयार होत नाही. आवृत्ती मुळापासून बदलली तरच होतो. विंडोज १० वरून ११ वर गेलं किंवा ११ मध्येच २३एच२ वरून २४एच२ वर गेलं की तो दिसतो. २४एच२ वरून २५एच२ वर जाताना दिसत नाही, कारण तिथे बहुतेक भाग आधीच उतरलेला असतो आणि छोटंसं पॅकेज तो फक्त चालू करतं.

आता त्या १० दिवसांचं. महिन्याच्या २ तारखेला अपडेट केलं तर १२ तारखेला मुदत संपते. जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायची वेळ येते २० तारखेच्या आसपास, आणि डिजिटल सहीचं टोकन नव्या विंडोजमध्ये ओळखलं जात नाही हे त्या दिवशी कळतं. सेवा केंद्रातल्या अंगठ्याच्या मशीनचं तसंच. आवश्यक ड्रायव्हर आणि सोबतची सेवा बसलेली नसली तर पहिलं गिऱ्हाईक बोट ठेवेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. त्यात जून-जुलै असेल तर वाऱ्यात तारेवर फांदी पडते, लाईट जाते, मोबाइलच्या टॉवरचीही बॅटरी उतरते आणि दोन-तीन दिवस कॉम्प्युटर उघडलाच जात नाही. कॅलेंडर मात्र पुढे सरकत राहतं. विंडोज हे १० दिवस तारखेने मोजते, तुम्ही कॉम्प्युटर किती तास वापरलात त्यावर नाही.

ही मुदत वाढवता येते, आणि ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत सीएमडी टाइप करायचं, कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायचं आणि आदेश द्यायचा: डिसम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३०. (आदेश इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे असतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत, आणि प्रत्येक तिरक्या रेघेच्या आधी एक मोकळी जागा सोडायची आहे.) आकडा २ ते ६० मधला कोणताही चालतो. ‘सेट’च्या जागी ‘गेट’ घालून आणि शेवटची व्हॅल्यू काढून तोच आदेश दिला की सध्याची मुदत दिसते. अट एकच, हे पहिल्या १० दिवसांच्या आत करायला हवं. फोल्डर गेल्यावर मुदत वाढवून काही हाती लागत नाही. माझं मत विचाराल तर कोकणात धंद्याच्या कॉम्प्युटरवर अपडेट झाल्याच्या दिवशीच ३० चा आकडा घालून ठेवावा. महिन्याचं सगळं चक्र त्या काळात एकदा फिरून जातं.

मे महिन्यात घर शाकारताना उतरवलेली जुनी कौलं कोणी लगेच फेकून देत नाही. ती मांगराच्या कडेला रचून ठेवतात. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस पडून जातो, कुठे गळतं ते कळतं, आणि मग ती कौलं हलतात. विंडोज डॉट ओल्ड तेवढ्याच काळजीने ठेवावा.

परतीची वाट शाबूत राहायची तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. सी ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारा, नावात ‘विंडोज’ आणि शेवटी ‘बीटी’ असलेला एक लपलेला फोल्डर असतो. माघारी जायला तोही लागतो, म्हणून तो आधी पुसू नये. अपडेटनंतर नवीन युजर खातं तयार केलं असेल तर ते आधी काढावं लागतं. जुना पासवर्ड आठवायला हवा. आणि माघारी गेल्यावर, अपडेटनंतर बसवलेली सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर जातात. तुमच्या फाइली राहतात, तरी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय ‘गो बॅक’ दाबू नये.

इथवर सांगितलं ते रीतसर अपग्रेडचं. आपल्याकडे गावोगाव चालते ती पद्धत वेगळी, ‘विंडोज मारून देणं’. पेनड्राइव्ह लावायचा, ‘कस्टम’ निवडायचं, फॉरमॅट न करता सी वरच नवी विंडोज चढवायची. यात जुना ‘युजर्स’ फोल्डरही विंडोज डॉट ओल्डमध्ये जातो. डेस्कटॉप रिकामा, ‘डॉक्युमेंट्स’ रिकामं, आणि मालकाची सगळी वर्षं त्या जुन्या फोल्डरात. इथे तो फोल्डर म्हणजे निव्वळ परतीची वाट राहत नाही, तीच तुमची तिजोरी असते. तो पुसायच्या आधी आत जाऊन सामान बाहेर काढायलाच हवं, आणि तेही पहिल्या दोन-तीन दिवसांत. विंडोज आपणहून साफसफाई करते तेव्हा आत काय आहे हे विचारत नाही.

काय काढायचं? विंडोज डॉट ओल्ड, त्यात युजर्स, त्यात तुमच्या जुन्या खात्याचं नाव. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स तर आलेच. विसरतो तो ॲपडेटा, कारण तो लपलेला असतो. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’वर खूण केली की दिसतो. आउटलुकची पत्रपेटी, ब्राउझरचे बुकमार्क अशा गोष्टी त्यात असतात. क्रोमचा फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवला तर बुकमार्क मिळतील, पण साठवलेले पासवर्ड उघडणार नाहीत. त्यांचं कुलूप जुन्या विंडोज खात्याशी बांधलेलं असतं. पासवर्ड आधीच खात्याशी जोडून किंवा फाइलीत उतरवून ठेवायला हवे होते, आता उपाय नाही.

आणि फॉन्ट. ही मराठी माणसाने खास जपायची गोष्ट. युनिकोड रुळण्याआधीची आपली कितीतरी कागदपत्रं डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलेली आहेत. देवस्थानाचे जमाखर्च, ग्रामपंचायतीचे ठराव, लग्नपत्रिकांचे नमुने, शाळेचे जुने दाखले. अशा फाइलीत मराठी अक्षर प्रत्यक्षात साठवलेलं नसतंच. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना मराठीचं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की वर्डमध्ये उरते अर्थहीन चिन्हांची रांग. नवी विंडोज मारल्यावर हे फॉन्ट आपोआप येत नाहीत. ते पडून असतात विंडोज डॉट ओल्डमधल्या ‘विंडोज’ फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मध्ये. तो फोल्डर अख्खा पेनड्राइव्हवर उतरवा, मग हवे तेवढे फॉन्ट उजव्या क्लिकने ‘इन्स्टॉल’ करा. सगळा फोल्डर १ जीबीच्या आसपास भरेल, फार तर थोडा अधिक. एवढ्या जागेसाठी २० वर्षांचं लिखाण मुकं होऊ देऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. जुनं मराठी सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या किल्लीवर, चालत असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतो का, तेही याच काळात पाहावं.

सगळं तपासून झालं, महिन्याची कामं नव्या विंडोजवर एकदा पार पडली, की पुसायला हरकत नाही. फोल्डर निवडून डिलीट दाबणं ही पद्धत नव्हे. त्यातल्या पुष्कळ फाइलींची मालकी तुमच्या खात्याकडे नसून सिस्टिमकडे असते, त्यामुळे निम्मं पुसलं जातं, निम्म्यावर परवानगी नाही असा निरोप येतो, आणि मग कोणीतरी मालकी बळाने बदलायचे आदेश चालवतं. त्याची गरजच नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादी तयार व्हायला एखादं मिनिट लागतं. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करायची आणि ‘रिमूव्ह फाइल्स’. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ नावाची ओळ असते. तिच्यावर खूण नाही ना, हे दोनदा पाहा. सातबाऱ्याचे उतारे, लाईटबिलं, गिऱ्हाइकांनी पाठवलेली कागदपत्रं आपल्याकडे तिथेच साठलेली असतात. जुन्या पद्धतीचं डिस्क क्लीनअप हवं असेल तर रनमध्ये क्लीनएमजीआर टाइप करून सी निवडायचा, मग ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबायचं. हे दुसरं बटण दाबल्याशिवाय जुन्या विंडोजची ओळ यादीत येत नाही.

एसएसडीवर हे काम काही मिनिटांत उरकतं, जुन्या फिरत्या डिस्कवर अर्धा-पाऊण तासही लागतो. ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वरही खूण केली असेल तर उरलेलं काम पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना होतं. पडद्यावर टक्के सरकत असताना वीज जाऊ नये. साधा लहान यूपीएस १०-१५ मिनिटं तग धरतो, म्हणून डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्या, नाहीतर ढग गडगडत नसतील असा दिवस पाहा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घेतली की पुरे. एसएसडीवरून पुसलेलं परत मिळवायची आशा ठेवू नये. ट्रिम नावाची व्यवस्था रिकाम्या झालेल्या जागा डिस्कला लगेच कळवते आणि डिस्क त्या आतून साफ करून टाकते.

यादीतल्या बाकीच्या ओळींपैकी ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स’बद्दल आपल्याकडे जरा थांबून विचार करावा. घरात किंवा ऑफिसात तीन कॉम्प्युटर एकाच राउटरवर असतील तर एकाने उतरवलेलं अपडेट या साठ्यातून दुसरे दोन घेऊ शकतात. विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे बसवायची अख्खी प्रत, ५ जीबीहून मोठी असते, आणि दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर काम चालवणाऱ्या घरात ती तीनदा उतरवणं परवडत नाही. तिन्ही मशीन होईपर्यंत तो साठा राहू द्या. ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’मधल्या ‘डाउनलोड’ फोल्डरचंही तसंच. अपडेट अडकून पुन्हा पुन्हा फसत असेल तरच विंडोज अपडेट आणि बिट्स (पार्श्वभूमीत फाइली उतरवणारी) या दोन सर्व्हिस थांबवून तो रिकामा करायचा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करायच्या. एरवी तो पुसला तर अर्धवट उतरलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून उतरवावं लागतं. अपडेट असिस्टंट वापरला असेल तर त्याचा फोल्डर सी वर राहतो, तो ‘ॲप्स’मधून असिस्टंट अनइन्स्टॉल केला की जातो.

विनएसएक्सएस या, विंडोजच्या सुट्या भागांचा साठा असलेल्या फोल्डरावर लोकांचा राग असतो, कारण एक्सप्लोरर त्याचा आकार १०-१२ जीबी दाखवतो. हा आकडा फसवा आहे. त्यातल्या बऱ्याच फाइली ‘विंडोज’ फोल्डरातल्याच असतात, एकाच फाइलीला दोन जागी नावं दिलेली, आणि एक्सप्लोरर त्या दोन्ही ठिकाणी मोजतो. खरा आकार डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /ॲनलाइझकंपोनंटस्टोअर या आदेशाने कळतो. शेवटच्या ओळीत सफाईची शिफारस ‘येस’ असेल तर शेवटच्या शब्दाच्या जागी ‘स्टार्टकंपोनंटक्लीनअप’ घालायचं. विंडोज हे काम अधूनमधून स्वतःही करते, पण ती जुने भाग ३० दिवस राखून ठेवते. आपण हाताने आदेश दिला की ती वाट पाहत नाही. याच आदेशाला ‘रीसेटबेस’ जोडा असं कोणी सांगेल. त्याने थोडी जागा आणखी मिळते, पण आजवर बसलेलं एकही अपडेट नंतर काढता येत नाही. मी तरी ते सुचवणार नाही. आत हात घालून फाइली पुसायच्या नाहीत हे तर आहेच. पुसल्या तर पुढचं अपडेट बसत नाही, आणि कधी कधी कॉम्प्युटर सुरूही होत नाही. २४एच२ वर डिस्क क्लीनअपमधला ‘विंडोज अपडेट क्लीनअप’चा ८.६३ जीबीचा आकडा साफ करूनही तसाच राहतो, असं पुष्कळांना दिसलं होतं. ती आकडा दाखवण्यातली चूक होती, जागा मोकळी झालेली होती.

‘विंडोज’मधला ‘इन्स्टॉलर’ फोल्डरही तसाच हात न लावण्याचा. त्यातल्या फाइली गेल्या की ऑफिससारखी सॉफ्टवेअर पुढे ना अपडेट होतात ना अनइन्स्टॉल. दुरुस्तीच्या दुकानांत रन उघडून टेम्प, प्रीफेच असं एकामागून एक पुसायची सवय आहे. टेम्प ठीक आहे. प्रीफेचमध्ये मात्र कोणतं सॉफ्टवेअर सुरू होताना काय काय लागतं याच्या नोंदी असतात. त्या पुसल्या की पुढचे काही दिवस सगळं उलट हळू उघडतं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरला लांबूनच नमस्कार. जागा काही केबीची वाचते आणि धोका अख्ख्या विंडोजचा. हायबरनेशन बंद करून रॅमच्या साधारण ४० टक्के जागा वाचवा, असाही सल्ला मिळतो. ८ जीबी रॅम असेल तर ३ जीबीच्या वर. पण लाईट गेल्यावर बॅटरी संपत आली की उघडं काम डिस्कवर उतरवून लॅपटॉप निजतो तो याच सोयीमुळे. इथे ती चालू असलेलीच बरी.

साफसफाई किती अंगाशी येऊ शकते याचं मोठं उदाहरण खुद्द विंडोज बनवणाऱ्यांचं आहे. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली आणि काही दिवसांतच तिचं वितरण थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फाइली नाहीशा झाल्या होत्या. ज्यांनी डॉक्युमेंट्सची जागा सी वरून दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, त्यांच्याकडे आधीच्या आवृत्तीत त्याच नावाचे रिकामे जादा फोल्डर तयार होत होते. तक्रारी आल्या, म्हणून नव्या आवृत्तीत हे रिकामे फोल्डर काढणारा कोड घातला. त्याने जुन्या जागेचे फोल्डर काढले, पण आत फाइली उरलेल्या असल्या तरी काढले. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा आली. तुम्ही डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर वळवलं असेल तर जुन्या जागी काही राहिलंय का, हे प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधी बघून घ्यावं.

ज्यांच्या मशीनला ११ चालत नाही ते उबुंटू किंवा मिंट या मोफत लिनक्स प्रणालींकडे वळताहेत. तिथलं उरलंसुरलं वेगळं. दर कर्नल अपडेटला नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) येतो, जुना राहतो, आणि बूटचं पार्टिशन, म्हणजे सुरू होण्यासाठीचा डिस्कचा भाग, वेगळं असेल तर ते भरतं. मग अपडेट मध्येच थांबतं. आधी यूनेम -आर देऊन सध्या कोणता कर्नल चालू आहे ते पाहायचं. मग सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज. चालू कर्नल तो राखतो, सगळ्यात नवाही राखतो. बूटमध्ये जाऊन आरएम या पुसायच्या आदेशाने फाइली उडवू नयेत. पॅकेजांच्या वहीत कर्नल बसलेलाच राहतो आणि पुढचं प्रत्येक अपडेट तिथे अडखळतं. उतरवलेली पॅकेजं सुडो ॲप्ट क्लीन या आदेशाने जातात. आवृत्ती बदलल्यावर ईटीसी फोल्डरात शेवटी ‘डीपीकेजी-ओल्ड’ किंवा ‘डीपीकेजी-डिस्ट’ अशी नावं असलेल्या फाइली दिसतील. त्या न वाचता पुसू नका. प्रिंटरची किंवा नेटवर्कची तुम्ही केलेली मांडणी जुन्या फाइलीतच राहिलेली असू शकते. आणि ॲप्ट चालू असताना लाईट गेलीच तर परत आल्यावर सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, हा पहिला आदेश.

विंडोजवर सफाईच्या मधे वीज गेली तर डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ, आणि त्यानंतर एसएफसी /स्कॅननाऊ. हा क्रम पाळावा, कारण दुसरा आदेश ज्या साठ्यातून फाइली घेतो तो साठा पहिला आदेश दुरुस्त करतो. पहिल्याला इंटरनेट लागतं. वाऱ्या-पावसात ते नसेल हे धरून आगोटीलाच ८ जीबीच्या किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज उतरवून ठेवावी. पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, इथल्या खाऱ्या दमट हवेत त्याची टोकं गंजतात. ठेवण्याआधी त्यावरून कॉम्प्युटर एकदा सुरू करून पाहावा, सेटअपची पहिली खिडकी दिसली की ती बंद करून बाहेर यावं. निव्वळ फाइली दिसतात एवढ्यावर थांबू नये.